शेजारीण आणि शिधा

कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत बाळंतिणींना मदत करणाऱ्या बायकांचं काम बघायला गेलं तर फारच साधं आहे. एक बाई दुसरीच्या झोपडीत जाते. चटईवर तिच्या बाजूला बसते. बाळ अंगावर घेतलेलं असेल तर काही वेळ नुसती बघते. बाळाने नुसतं बोंड तोंडात धरलंय की भोवतीचा काळा भागही? हनुवटी टेकली आहे का? खालचा ओठ बाहेर वळलाय की आत दुमडलाय? ओढताना गालांना खळगे पडतायत का? गिळल्याचा आवाज येतोय का? मग स्वतः हात न लावता ती सांगते, की बाळाची मान मागून दाबू नकोस, त्याचं पोट तुझ्या पोटाला लागू दे, त्याने जांभई दिल्यासारखा मोठा आ केला की मग जवळ घे. थोड्या वेळाचं काम. त्याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. आणि म्हणूनच मदतीच्या हिशेबात ते नीट बसत नाही. तांदळाची पोती मोजता येतात, ताडपत्र्या मोजता येतात. शेजारी बसणं कशात मोजायचं?

बांगलादेशच्या दक्षिण टोकाला, उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत मिळून 33 छावण्या आहेत. म्यानमारच्या राखाइन प्रांतात 25 ऑगस्ट 2017 रोजी लष्कराची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या सीमा ओलांडून इथे आले. 1982च्या कायद्याने म्यानमारने त्यांचं नागरिकत्व आधीच नाकारलं होतं. 1991-92मध्ये पळून आलेल्यांच्या कुतुपालोंग आणि नयापारा या दोन जुन्या छावण्या इथे होत्याच. त्यांच्या भोवतीच्या टेकड्यांवरचं जंगल तोडून बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि कुतुपालोंग-बालुखालीची वस्ती जगातली सर्वांत मोठी निर्वासित छावणी ठरली.

त्या ऑक्टोबरात पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं-उंच्या घेतल्या गेल्या. वजन उंचीच्या मानाने धोकादायक कमी असलेल्या मुलांचं प्रमाण शेकडा 15च्या वर गेलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने ती आणीबाणी असते. नव्या वस्त्यांत हे प्रमाण शेकडा 19.3 निघालं. जुन्या कुतुपालोंग छावणीत, जिथे पंचवीस वर्षं शिधा आणि दवाखाने होते, तिथे ते 24.3 होतं. चारातलं जवळपास एक मूल. अन्नाची पोती येत असतानाही, आणि ती कित्येक वर्षं येत राहूनही, पोरं वाळत होती.

माहेर नसलेल्या बाळंतिणी

याची कारणं अनेक आहेत: दूषित पाणी, जुलाब, दाटी, एकाच तऱ्हेचं जेवण. पण तान्ह्या बाळांच्या बाबतीत एक कारण असं आहे, की ते पाहणीच्या तक्त्यात दिसत नाही. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. सव्वा महिना तिच्या उशापायथ्याशी कुणी ना कुणी असतं. आई, मावशी, काकू, शेजारची म्हातारी. त्यांचे सगळेच सल्ले शहाणपणाचे असतात असं नाही. कुणी मध चाटवायला सांगतं, कुणी गुटी. पण बाळ रात्रभर रडलं तर ‘तुझंही असंच होतं’ असं म्हणणारं माणूस घरात असतं. बाळंतिणीच्या धीराचा अर्धा भाग त्या वाक्यात असतो.

पळताना ही साखळी तुटते. 2017ला आलेल्यांपैकी बहुतेक माणसं मंगडू, बुथिडाँग आणि राथेडाँग या तीन भागांतली. वाटेत नाफ नदी, मागे जळणारी गावं, आणि एकेका घरातली माणसं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टोळक्यांतून निघालेली. छावणीत पोचल्यावर जिथे जागा मिळाली तिथे बांबू रोवले. त्यामुळे पडद्यापलीकडची शेजारीण कोणत्या गावची, हेही कित्येकींना ठाऊक नव्हतं. त्यात परपुरुषासमोर न येण्याची रीत. तरुण बायका दिवसाउजेडी फारशा बाहेर पडत नाहीत. संडासाला आणि पाण्याला जायचं तेही वेळ बघून. घराबाहेर माणसांची एवढी दाटी, आणि आत बाळंतीण एकटी.

या एकटेपणाचा दुधाशी थेट संबंध आहे. छावण्यांत काम करणाऱ्यांच्या कानावर सतत एक तक्रार येते, की माझं दूध आटलं. तिच्याकडे पाहिलं तर ती खरी वाटते. बाई स्वतः हाडकुळी, जेवण अपुरं. मग दूध कुठून येणार? पण शरीराचा हिशेब वेगळा आहे. उपासमार फार टोकाला गेल्याशिवाय आईचं दूध बंद होत नाही. ते आईच्या हाडामांसातून काढलं जातं, तिची झीज होते, पण बाळाच्या वाट्याचं बहुतेक येतं. दूध किती तयार व्हायचं हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं यावर ठरतं. मात्र तयार झालेलं दूध बाहेर यायला पान्हा फुटावा लागतो, आणि भीती, दुखणं, शरम, धक्का यांनी पान्हा अडतो. गोठ्यात अनोळखी माणूस आला तर गाय पान्हा चोरते, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. बाईचं शरीर त्याहून फार निराळं वागत नाही.

फरक पुढे पडतो. पान्हा अडला, बाळ रडलं, आईला वाटलं दूध आटलं. तिने वरचं दूध सुरू केलं. पोट भरलेलं बाळ अंगावर कमी ओढू लागलं आणि ओढणं घटलं म्हणून दूध खरंच घटलं. भीती होती ती आठवडाभरात खरी ठरली. हे चक्र थांबवायचं तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच कुणीतरी तिथे असावं लागतं: बाळ पुन्हा पुन्हा अंगावर घ्यायला लावणारं, काही दिवसांनी दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओले होऊ लागले की समज दूध पुरतंय, असं समजावणारं. ते माणूस डॉक्टर असायची गरज नाही. ते जवळ असायची गरज आहे.

दयेचा डबा

जवळचं माणूस नसेल तिथे डबा पोचतो. भूकंप, पूर, युद्ध असं काही झालं की जगभरातून दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या येऊ लागतात. पाठवणाऱ्यांच्या मनात खोट नसते. भुकेलं बाळ म्हटल्यावर माणसाला आधी दूधच आठवतं.

इंडोनेशियात योग्यकर्ता भागात 27 मे 2006 रोजी मोठा भूकंप झाला. त्यानंतर दोन वर्षांखालची मुलं असलेल्या बहुसंख्य घरांत फुकट पावडर पोचली होती. पुढे संशोधकांनी जुलाबाचं प्रमाण तपासलं. पावडर मिळालेल्या मुलांत ते शेकडा 25.4 होतं आणि न मिळालेल्यांत 11.5. दुपटीहून जास्त. यात आश्चर्य काहीच नाही. पावडर कालवायला पाणी लागतं, पाणी उकळायला जळण लागतं, बाटली धुवायला साबण आणि वेळ लागतो. डबा आठ दिवसांत संपतो आणि पुढचा कधी येईल ते ठाऊक नसतं, म्हणून आई दोन चमच्यांच्या जागी एक घालते. बाळाला मिळतं पांढरं पाणी आणि त्यातले जंतू. शिवाय आईच्या दुधातून मिळणारं संरक्षण जातं ते वेगळंच.

म्हणून आणीबाणीतल्या बालपोषणाच्या आजच्या मार्गदर्शक सूचनांत एक गोष्ट ठासून बजावली आहे: पावडरीच्या देणग्या मागू नका आणि घेऊ नका. याचा अर्थ पावडर कुणालाच द्यायची नाही असा नव्हे. आई गेलेलं बाळ असतं, जन्मापासून वरच्या दुधावर असलेलं बाळ असतं. सीरिया किंवा युक्रेनमधून निघालेल्या कुटुंबांत अशी बाळं पुष्कळ होती, आणि त्यांच्या आयांना स्तनपानावर व्याख्यान देणं हा निव्वळ निर्दयपणा. अशा बाळाला पावडर द्यायची ती तपासून, नेमाने, स्वच्छ पाणी आणि इंधनासकट, आणि बाटलीऐवजी वाटीने पाजायला शिकवून. वाटी घासून स्वच्छ होते, बाटलीच्या बुचात साय अडकून राहते.

आईविना बाळासाठी आणखी एक जुना मार्ग आहे, दुसऱ्या बाईने पाजण्याचा. मुस्लिम समाजात त्याला धर्माची मान्यता आहे. पण एकीचं दूध प्यालेली मुलं दूधभावंडं होतात आणि त्यांचं आपसांत लग्न होऊ शकत नाही. म्हणजे कुणी कुणाला पाजलं याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहायला हवी. याच मुद्द्यावर डिसेंबर 2019मध्ये ढाक्यातली नियोजित दूधपेढी अडली, कारण तिथे दूध कुणाचं आणि प्यालं कोण हे घरच्यांना कळणार नाही असा आक्षेप आला. शेजारच्या झोपडीतली बाई पाजते तेव्हा हा प्रश्न येत नाही. तिथे नाव, गाव, चेहरा सगळं ठाऊक असतं. आणि जिचं दूध बंद पडलंय तिला ते पुन्हा आणताही येतं. वाटीतल्या दुधात एक बारीक नळी सोडायची, तिचं दुसरं टोक बोंडाजवळ चिकटवायचं. बाळ ओढतं तेव्हा नळीतलं दूध त्याला मिळतं आणि त्याच्या ओढण्याने आईचं दूध हळूहळू परतायला लागतं. कित्येक दिवस लागतात. आईचा धीर रोज सुटतो आणि रोज कुणीतरी तो बांधावा लागतो.

बाईने बाईला शिकवणं

बाईने बाईला शिकवायची ही कल्पना छावण्यांत जन्मली नाही. 1956 साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या सात आयांनी एकत्र येऊन ‘ला लेचे लीग’ काढली, कारण तिथल्या इस्पितळांत बाटलीचं राज्य होतं आणि अंगावर पाजू इच्छिणाऱ्या बाईला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पुढे 1995मध्ये मोझांबिकमध्ये, दीर्घ यादवी युद्ध संपून निर्वासित माघारी येत असताना, एका आरोग्य प्रकल्पात या कल्पनेला पक्कं रूप मिळालं. दहा-पंधरा स्वयंसेविकांचा गट, आणि प्रत्येकीकडे आपल्या आसपासची दहा-पंधरा घरं. पगारी कार्यकर्ती गटाला शिकवते, गटातली प्रत्येक बाई आपल्या घरांत जाते. घरं मुद्दाम थोडी ठेवायची, म्हणजे भेट ही ड्युटी न होता जाता-येता होते.

बांगलादेशाकडे तर स्वतःचाच पुरावा आहे. 1996मध्ये ढाक्यात रुखसाना हैदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. वस्तीतल्याच, स्वतः मुलांना पाजलेल्या बायकांना दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि गरोदरपणापासून बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत प्रत्येक आईकडे पंधरा वेळा पाठवलं. पाचव्या महिन्यात फक्त अंगावरच्या दुधावर असलेली बाळं या गटात शेकडा 70 निघाली. जिथे अशा भेटी नव्हत्या तिथे शेकडा 6. ‘लॅन्सेट’मध्ये 2000 साली हे आकडे छापून आले. ज्या बाया पाणी, मध, साखरेचं पाणी द्यायच्या, त्यांच्या सवयी भाषणाने मोडल्या नसत्या. शेजारणीने पंधरा वेळा येऊन मोडल्या.

त्याही आधी ‘ब्रॅक’ या बांगलादेशी संस्थेने 1980च्या दशकात सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांची जलसंजीवनी कशी करायची ते बायकांना शिकवलं. शिकवणाऱ्या बायकांचा मोबदला ठरायचा तो किती घरं फिरल्या यावर नाही. नंतर काही घरांत तपासनीस जायचा, आईला काय आठवतंय ते विचारायचा, आणि त्यावरून पैसे ठरायचे. ज्ञान पोचलं की नाही हे ऐकणाऱ्याच्या घरात तपासायचं, ही अक्कल आजही पुष्कळ प्रकल्पांना नाही.

आणि या जलसंजीवनीच्या कामाचं एक मूळ मात्र निर्वासित छावणीतच सापडतं. 1971मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातलं, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मिश्रण पिंपांत कालवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. आपल्या माणसाला पाजत राहा, एवढंच सांगितलं. तिथे मृत्यूंचं प्रमाण शेकडा चारच्याही खाली आलं. नर्स कमी होत्या म्हणून घरच्या माणसांवर विश्वास टाकला गेला, आणि ती त्या विश्वासाला पात्र ठरली.

पट्टी कुणाच्या हातात

कॉक्स बझारमध्ये हेच सूत्र वेगवेगळ्या रूपांत चालतं. मातांचे गट कुणाच्या तरी झोपडीत बसतात, पाणी भरून झाल्यावर आणि चूल पेटण्याआधीच्या वेळात. बहुतेकींना वाचता येत नाही, म्हणून चित्रांचे तक्ते. जन्मल्याबरोबर येणारा पिवळसर चीक टाकून देऊ नका. सहा महिने पाणीसुद्धा नको. सहा महिने पुरे झाले की डाळ-तांदूळ, अंडं, भोपळा कुस्करून घट्ट भरवा. आपल्या अंगणवाडीताई वरणाच्या पाण्याविरुद्ध जे भांडण वर्षानुवर्षं भांडतात, तेच इथे भाताच्या पेजेविरुद्ध चालू आहे. चमचा तिरका केला तर घास ओघळायला नको, ही परीक्षा दोन्हीकडे सारखीच.

गटात सुनाच असून भागत नाही. घास कुणी आणि कसला द्यायचा हे सासू ठरवते, बाजारातून काय आणायचं हे नवरा. म्हणून सासवांना बोलावतात, बापांचे वेगळे गट करतात, मशिदीच्या इमामांशी बोलतात. सगळं सुरळीत चालतं असंही नाही. 2019च्या सुरुवातीला संस्थांसाठी काम करणाऱ्या रोहिंग्या बायकांना घरी बसा म्हणून धमक्या आल्या होत्या. शेजारणीकडे जाणं हेही धाडसाचं काम असू शकतं.

या साऱ्यात एक वस्तू फार बोलकी आहे: दंडघेराची पट्टी. तीन रंगांची, बोटभर रुंदीची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात घ्यायचा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी गुंडाळायची, फार आवळायची नाही, सैलही सोडायची नाही, आणि खिडकीत दिसणारा रंग पाहायचा. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा. त्याखाली पिवळा. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, आजच्या आज केंद्रावर. तिथे शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं मिळतात. 92 ग्रॅमच्या एका पाकिटात 500 कॅलरी.

ही पट्टी आधी फक्त प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडे असायची. नायजरमध्ये ती आयांच्या हाती देऊन पाहिली, तेव्हा आयांची मापं बरोबर येतात असं दिसलं. 2020मध्ये करोनामुळे कार्यकर्त्यांच्या फेऱ्या थांबल्या तेव्हा कॉक्स बझारमध्येही पट्ट्या घरोघर गेल्या. आईने आपल्या मुलाचा दंड मोजायचा, शेजारणीच्या मुलाचाही. कार्यकर्ती महिन्यातून एकदा येते, आई रोज असते. पिवळा रंग लाल होण्याआधी दिसला, तर मूल सहसा इस्पितळात न्यावं लागत नाही.

गोड बोलण्याने पोट भरत नाही

इथपर्यंतची कहाणी उमेद देणारी आहे, आणि त्यातच धोका आहे. शेजारणीची मदत दात्यांना आवडते याचं एक कारण ती स्वस्त आहे हेही आहे. पैसा आटला की अहवालांत ‘समुदायाचं सक्षमीकरण’ वाढतं.

2023मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाकडचा निधी कमी पडला. माणशी महिन्याला 12 डॉलरचा शिधा मार्चमध्ये 10 डॉलरवर आणि जूनमध्ये 8 डॉलरवर आला. आपल्या पैशांत दिवसाला बावीस-तेवीस रुपये. या लोकांना बांगलादेशात रीतसर नोकरी करता येत नाही. शिधा हाच मुख्य आधार. त्या वर्षाअखेरच्या पाहणीत मुलांमधलं कुपोषण पुन्हा शेकडा 15च्या रेषेवर पोचलं. नंतर शिधा वाढवला गेला, पण 2025च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि पुन्हा कपातीची टांगती तलवार आली. त्या फेब्रुवारीत तीव्र कुपोषणावर उपचारासाठी आणलेली मुलं आदल्या फेब्रुवारीपेक्षा शेकडा 27 जास्त असल्याचं युनिसेफने सांगितलं. राखाइनमधल्या नव्या लढाईमुळे लोक येतच होते. 2024पासूनच्या दीड वर्षात आणखी सुमारे दीड लाख माणसं छावण्यांत आली.

अशा वेळी मातांच्या गटात काय सांगायचं? अंडं कुस्करून घाला, हे ऐकणारीच्या घरात अंडं नसतं. शिकवणारीच्याही नसतं; तीही त्याच रांगेतली, तिच्याही मुलाच्या दंडावर पट्टी पिवळी असू शकते. पाजणाऱ्या आईला रोज साधारण 500 कॅलरी जास्त लागतात. त्या तिला ताटातून मिळाल्या नाहीत तर अंगातून जातात. बाळ तगतं, आई खंगते, आणि पुढचं बाळ खंगलेल्या आईच्या पोटी येतं. बाळाच्या आहाराची सगळी जबाबदारी आईच्या ‘जागरूकते’वर ढकलून जग मोकळं होऊ शकत नाही. शेजारीण पान्ह्याचं भय घालवू शकते, चमच्यातला घास घट्ट करू शकते, लाल रंग वेळेत ओळखू शकते. रिकाम्या डब्यातून तांदूळ काढू शकत नाही. आणि नुसता डबा भरलेला असून भागत नाही, हे पंचवीस वर्षांच्या जुन्या कुतुपालोंग छावणीने 2017मध्ये दाखवलं होतं. दोन्ही लागतात, एकाच वेळी.

आपल्या पुरात

हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर आपल्या घराजवळ या. स्तनपानाचा आग्रह धरणारी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था 3 डिसेंबर 1991 रोजी वर्ध्यात स्थापन झाली. आशियातली पहिली दूधपेढी 1989मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. 1992 साली संसदेने शिशुदुग्ध पर्याय आणि दूधबाटल्यांविषयीचा कायदा केला. त्याची जाहिरातबंदी थोडीफार माहीत असते. त्यातलं आणखी एक कलम फार थोड्यांना ठाऊक आहे: बाळांसाठीची पावडर किंवा बाटली अनाथालयाखेरीज कुणालाही दान देता किंवा वाटता येत नाही.

तरीही कुठे महापूर आला की मदतीचं आवाहन फिरतं आणि त्या यादीत बिस्किटं, चादरी, मेणबत्त्या यांच्या ओळीत दुधाची पावडर असतेच. गढूळ पाण्याच्या गावात, शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसलेल्या, चारचौघांत पदर घेऊन पाजायला लाजणाऱ्या ओल्या बाळंतिणीच्या हातात आपण डबा ठेवतो आणि पुण्य केलं असं मानतो.

पुढच्या वेळी यादी करणाऱ्यांनी ती ओळ खोडावी. तिच्या जागी लिहावं: बाळंतिणींसाठी दोन वेळचं पोटभर जेवण आणि मधे काहीतरी खाणं, वर्गाच्या कोपऱ्यात साडीचा आडोसा, आईविना असलेल्या बाळांची डॉक्टरकडे वेगळी नोंद, आणि त्याच गावातली, दोन-तीन मुलं वाढवलेली, कुणाला न घाबरणारी एक बाई, जिला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. तिचं जेवण, तिचा दिवसाचा रोज आणि तिच्या घरचा शिधा हे सगळं मदतीच्या हिशेबात पहिल्या पानावर धरावं. फुकट राबणारी बाई म्हणून तिचं कौतुक करून तो खर्च वाचवू नये.